न बोलावता येणारा टँकर

बडोद्यात जुनं टेनामेंट विकायला निघालं की मालक गिऱ्हाइकाला नळाचं प्रेशर दाखवतो, गच्ची दाखवतो आणि मग हमखास सांगतो, "खाळकुव्याची कटकट नाही हं आपल्याकडे. वीस वर्षांत एकदाही भरला नाही." खाळकुवा म्हणजे घराखालची मैलापाण्याची सेप्टिक टाकी. गिऱ्हाईक खूश होतं. खरं तर हे वाक्य ऐकून त्याने सावध व्हायला हवं. वीस वर्षं न भरणाऱ्या टाकीचे दोनच अर्थ होतात. एक तर तिला तळच नाही, म्हणजे घरातला मैला सरळ जमिनीत मुरतोय आणि आजूबाजूच्या बोअरच्या पाण्यात उतरतोय. नाहीतर ती गाळाने केव्हाच गच्च झालीय आणि वरून येणारं मैलापाणी आत न थांबता जसंच्या तसं पुढे सोसायटीच्या नाल्यात चाललंय. दोन्ही बाबतींत मालकाला त्रास नाही, हे मात्र खरं. त्रास पुढच्याला आहे.

माझं म्हणणं असं की टाकी कधी उपसायची हे ठरवण्याचं स्वातंत्र्य घरमालकाकडे ठेवूच नये. पालिकेने दर तीन वर्षांनी न बोलावता टँकर पाठवावा आणि त्याचे पैसे मिळकत वेऱ्यातून, म्हणजे घरपट्टीतून, थोडे थोडे घ्यावेत. वेऱ्याचं नाव काढलं की आपल्यातली निम्मी मंडळी इथेच वाचणं सोडतील याची कल्पना आहे. उरलेल्यांसाठी पुढचं.

सेप्टिक टाकीत जादू काही नसते. मैलापाणी आत आलं की जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर तवंग धरतो आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतं. तळाच्या गाळावर हवेविना जगणारे जिवाणू काम करतात. त्यातला काही भाग वायू होऊन निघून जातो, बाकीचा साठत राहतो. हे नीट घडायचं तर पाणी आत निदान एक-दोन दिवस थांबायला हवं. फ्रान्समधल्या झां-लुई मुरासने १८८१ साली अशा टाकीचं पेटंट घेतलं, आणि १८९०च्या दशकात इंग्लंडातल्या एक्झिटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉनने तिला सेप्टिक टँक हे नाव दिलं. तेव्हापासून तिचं काम तेवढंच आहे. ती मैला नाहीसा करत नाही, अडवून ठेवते. बाहेर पडणारं पाणी कितीही निवळ दिसलं तरी त्यातले रोगजंतू बहुतेक जिवंत असतात, आणि जंतांची अंडी गाळात महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून ते पाणी पुढे जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यात सोडायचं असतं, आणि शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब असावा असं भारतीय मानक सांगतं. आपल्या प्लॉटच्या मापात १८ मीटर कुठून बसणार, हा प्रश्न निराळा.

"भरली" हा शब्दही आपण चुकीच्या जागी वापरतो. नवी टाकी थोड्याच दिवसांत बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत भरते आणि पुढे कायम भरलेलीच असते. तशीच असायला हवी. बघायचं असतं ते आत गाळ किती चढलाय. त्यासाठी यंत्रही लागत नाही. लांब बांबूला जुना पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळायचा, झाकण उघडून दुरूनच तो तळापर्यंत सरळ सोडायचा, थोडा वेळ धरून अलगद वर काढायचा. काळा दाट डाग जिथपर्यंत चढला तेवढा गाळ. गाळ आणि तवंग मिळून पाण्याच्या खोलीचा तिसरा हिस्सा खाऊ लागले की टाकी उपसायची. संडास तुंबायला लागला, चेंबरमधून पाणी वर आलं, म्हणजे ही वेळ टळून कित्येक वर्षं झाली. दुकानात मिळणारी जिवाणूंची पुडी टाकून गाळ विरघळतो यावर विश्वास ठेवू नका. ज्या जिवाणूंची गरज आहे ते आपण रोज फुकट पुरवतो.

पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि साधारण एक मीटर पाणी राहील एवढी टाकी पुरते, असं सरकारी कोष्टक आहे. पण हे माप काढलेलंच आहे टाकी दोन-तीन वर्षांनी उपसली जाईल असं धरून. आपण माप घेतो आणि अट विसरतो. किंवा त्याहून हुशार होतो. "मोठीच बांधून टाका, पुन्हा बघायला नको," असं कंत्राटदाराला सांगून तिप्पट टाकी बांधतो, वर स्लॅब टाकतो, स्लॅबवर टाइल्स बसवतो आणि टाइल्सवर गाडी उभी करतो. झाकण नेमकं कुठे आहे हे बांधणाऱ्या आजोबांना ठाऊक असतं, आणि ते कोणाला न सांगता जातात. कितीतरी घरांत ते तुळशीच्या कट्ट्याखाली असतं.

मग एप्रिलमधल्या एखाद्या सकाळी टँकर येतो. मदतनीस पहारेच्या टोकाने एकेक टाइल ठोकत फिरतो. जिथे पोकळ आवाज येतो तिथे थांबतो. दोन टाइल्स निघतात. खाली बिनकडीचा सिमेंटचा तुकडा. तो सरकवला की खाली पाणी दिसतच नाही. दिसते काळपट, भेगाळलेली साय, इतकी वाळलेली की तिच्यावरून झुरळं चालतात. बांबूने ती फोडून जाड पाइप आत सोडतात. पंप सुरू होतो, पाइप थरथरतो, दहा मिनिटांत वरचं पाणी निघून जातं. मग पंपाचा आवाज बदलतो. तळाशी फूट-दीड फूट गाळ उरलेला असतो, कुंभाराच्या मातीसारखा घट्ट, आणि तो पाइपात चढत नाही. नळीने पाणी मारून बघतात, बांबूने ढवळून बघतात. पंधरा-वीस वर्षांचा थर थोडाच हलतो. आता मालक पुढे येतो. वाकून बघतो. आणि आपल्या बडोदी गुजरातीत म्हणतो, "भाई, नीचेनुं पण काढी आपो ने, पैसा तो पूरा लो छो!" ड्रायव्हर मदतनिसाकडे बघतो. मदतनीस झाकणाच्या भोकाकडे. "पाचसो उपरथी थशे."

सगळा प्रश्न माणूस आत उतरवण्याच्या या वरच्या पाचशे रुपयांत आहे. दर तीन वर्षांनी उपसलेल्या टाकीतला गाळ पातळ असतो, तो पंपाने मुकाट्याने वर येतो आणि कोणाला आत उतरावं लागत नाही. माणूस उतरतो तो वर्षानुवर्षं न उघडलेल्या टाकीत. म्हणजे टाकी वेळेवर न उपसणं हा घरमालकाचा आळस राहत नाही. त्याची किंमत रोख मोजली जाते, आणि ती तो स्वतः मोजत नाही.

आत काय असतं हेही सांगायला हवं. हायड्रोजन सल्फाइड थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची ताकदच जाते. म्हणजे "आता वास कमी झालाय, उतर" हे वाक्य जेव्हा उच्चारलं जातं तेव्हा धोका कदाचित सर्वांत जास्त असतो. आणखी वाढलं की माणूस काही क्षणांत कोसळतो. मिथेन असतो, त्यामुळे काडी किंवा दिवा सोडून हवा तपासायची जुनी युक्ती भडका उडवू शकते. ऑक्सिजन पुरेसा नसतो. आणि झाकण रात्रभर उघडं ठेवलं म्हणजे निभावलं असंही नाही, कारण बराचसा वायू गाळातच अडकून बसलेला असतो. त्यात पाय पडला, गाळ ढवळला गेला, की तो एकदम सुटतो.

हे आपल्यापासून लांब कुठे घडत नाही. जून २०१९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, डभोई तालुक्यातल्या फर्तीकुई गावी, एका हॉटेलच्या सेप्टिक टाकीत सात माणसं मेली. चार सफाई कामगार, तीन हॉटेलातले नोकर. एक आत उतरला, ओ देईना, म्हणून दुसरा गेला, मग तिसरा. टाकीतले बहुतेक मृत्यू असेच रांगेने होतात. वाचवायला गेलेला माणूस उतरणाऱ्याइतकाच असुरक्षित असतो. २०१९ ते २०२३ या काळात गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना देशात ३७७ जण गेल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. हा नोंदलेला आकडा.

कायदा आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षेची साधनं आणि खबरदारी यांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्याला वाटतं हा कायदा पालिकेसाठी, ठेकेदारासाठी आहे. त्यात "व्यक्ती" असाही शब्द आहे, आणि "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष" असंही म्हटलं आहे. म्हणजे पाचशे रुपये वर देणारे काका, तुम्हीसुद्धा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. पण भरपाई हा मेल्यानंतरचा मार्ग झाला, आणि शिक्षेची भीती तिथे चालते जिथे कोणी बघत असतं. बंगल्याच्या मागच्या अंगणात, सकाळी आठ वाजता, कोण बघतं?

आणि उतरणारा कोणत्या वस्तीतून येतो हे या शहरात कोणाला विचारावं लागत नाही. सयाजीरावांनी आंबेडकरांना परदेशी शिकायला पाठवलं हे आपण बडोदेकर मराठी मंडळी अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं. १९१७ साली तेच आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही आणि कमाटीबागेतल्या झाडाखाली बसावं लागलं, हे आपण जरा हळू आवाजात सांगतो. संकल्पभूमीवर, म्हणजे त्याच झाडाच्या जागी, सप्टेंबरात हार घालून आलेल्या माणसाच्या घराखालची टाकी कोण उपसतं, कशी उपसतं, हा प्रश्न त्याला उद्धट वाटू नये.

आता उपाय. तो नवा शोधायचा नाही. २०१७ साली केंद्राने मैलागाळ व्यवस्थापनाचं राष्ट्रीय धोरण आणलं. पुढच्याच वर्षी वाईने, हो, आपल्या कृष्णाकाठच्या ढोल्या गणपतीच्या आणि विश्वकोशाच्या वाईने, तीन वर्षांच्या फेरीचा क्रम लावला. गावाचे विभाग पाडायचे, विभागवार एकेका घराची टाकी ठेकेदाराने उपसायची, मालकाने फोन करो न करो. पैसे पालिका करांतून देते, दाराशी वेगळं काही मागायचं नाही. आणि उपसलेला गाळ नेण्यासाठी स्वतंत्र प्रक्रिया केंद्र. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हाच रस्ता धरला. गंमत अशी की या दोन्ही गावांमागचं तांत्रिक साहाय्य अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या केंद्राचं. ज्ञान गुजरातेत, अंमल महाराष्ट्रात, आणि आपण दोन्हीकडचे म्हणवणारे अजून टाइल्स ठोकत बसलोय.

यात मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती "मालकाने फोन करो न करो" ही. फोन मालकाने करायचा म्हटलं की तो तुंबल्यावरच करणार. मीही तेच करीन, तुम्हीही. ज्या खर्चाचा फायदा शेजाऱ्याला, नदीला आणि एका अनोळखी मजुराला होतो तो खर्च माणूस आपणहून वेळेवर करत नाही. म्हणूनच रस्त्यावरचा दिवा आणि दारचा कचरा आपण कोणाच्या मर्जीवर सोडत नाही. हिशोबही जड नाही. एका खेपेला दोन हजार धरले तरी छत्तीस महिन्यांत वाटून महिन्याला साठ रुपयांच्या आत पडतात, म्हणजे सेव-उसळीच्या एका प्लेटीएवढे. (शेजारी मांडायला पदार्थ चुकला, पण हिशोब बरोबर आहे.)

यावर एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. पालिकेला पैसे द्यायचे आणि टँकर येणारच नाही, किंवा कागदावरच येऊन जाईल. ही शंका घ्यायलाच हवी. म्हणून ठेकेदाराचे पैसे खेपेवर आणि पोहोचवलेल्या गाळावर बांधलेले असावेत. घरमालकाची सही आणि प्रक्रिया केंद्रावरची नोंद, दोन्ही जुळल्याशिवाय बिल निघू नये. ही दुसरी नोंद पहिलीपेक्षा महत्त्वाची. टँकर भरून गेटबाहेर पडला की आपण हात धुतो. तो कुठे रिकामा होतो, हे विचारणारा मालक मला अजून भेटायचाय. जिथे नेमून दिलेली जागा नाही किंवा ती लांब आहे, तिथे डिझेल वाचवायला तो जवळच्या मॅनहोलमध्ये, पडीक प्लॉटवर नाहीतर रात्री एखाद्या कांसेत, म्हणजे पावसाळी नाल्यात, रिकामा होतो. कांस विश्वामित्रीला मिळते. नदीतल्या मगरींचे फोटो आपण कौतुकाने पाठवतो. त्या ज्या पाण्यात पोहतात त्यात आपलाही वाटा आहे. आणि जो ड्रायव्हर असं करतो त्याला शिव्या देण्याआधी हे पाहायला हवं की गाळ घेणारं केंद्र त्याच्या वाटेवर आहे का, आणि तिथे तो ओतायचे त्यालाच पैसे तर पडत नाहीत ना. तिथे ओतणं फुकट असावं, किंबहुना ओतल्यावरच त्याला मोबदला मिळावा.

दुसरा आक्षेप, "आमच्या हद्दीत पालिका कशाला?" याला मी फार वेळ देणार नाही. मैला हद्दीत थांबत नाही. आपल्या दक्षिणेकडे, पादरा-करजण-डभोईच्या कानम पट्ट्यात, काळी चिकणी माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिणं बंद करते आणि शोषखड्डा काठोकाठ उभा राहतो. विश्वामित्रीने पात्र सोडलं तर विचारूच नका. २०१९ च्या जुलैत आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांनी ते कशाचं होतं हे नाकाने ओळखलं असेल. टाकीचं झाकण पुराखाली गेलं की आतलं सगळं मोकळं होतं, आणि पूर ओसरल्यावर घाबरून लगेच टँकर बोलावणंही धोक्याचंच. जमीन पाण्याने तट्ट असताना टाकी रिकामी केली तर बाहेरच्या दाबाने ती उचलली जाते, सांधे तडकतात. हलक्या प्लास्टिकच्या टाक्यांचं तर हमखास. म्हणूनही फेरी ठरवलेली बरी. नदीकाठच्या आणि सखल भागांतल्या टाक्या मार्च ते मेमध्ये, उंच भागातल्या दिवाळीनंतर. हे वेळापत्रक एकेकट्या मालकाला सुचणार नाही, वॉर्ड ऑफिसला सहज लावता येईल.

राहिला तो लाडका युक्तिवाद: "ड्रेनेज लाइन येणारच आहे." २०२० साली भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया, वडदला ही गावं पालिकेत आली आणि तेव्हापासून नव्या डुप्लेक्सच्या प्रत्येक मालकाच्या तोंडी हे आहे. शहराच्या जुन्या भागाला सयाजीरावांनी १८९०च्या दशकातच आजवा तलावाचं पाणी दिलं. पाणी आणणं राज्यकर्त्यांना नेहमीच पटतं, कारण नळ उघडताना फोटो निघतो. गेलेल्या पाण्याची सोय मागून येते. लाइन येईलही, यावीच. पण ती येईपर्यंतची चार, सहा, दहा वर्षं टाकीत गाळ साठायचा थांबत नाही, आणि "आता कशाला खर्च" म्हणून सोडलेली टाकीच पुढे माणूस उतरवण्याइतकी घट्ट होते.

शिवाय लाइन आली म्हणून जुनी टाकी नाहीशी होत नाही. जोडणी झाली की मालक जुना पाइप बंद करतो आणि टाकी विसरतो. आत जुना गाळ तसाच, वायू तसाच, वरचा स्लॅब दरवर्षी थोडा कुजतोय. पुढे कधी पार्किंग वाढवायला, कधी पाण्याची टाकी करू म्हणून कोणीतरी ती उघडतं आणि "बंदच आहे ना कधीची" म्हणत आत उतरतं. रीत अशी की जोडणीच्या वेळीच टाकी पंपाने पूर्ण उपसायची, तळाला भोकं पाडायची आणि वाळू किंवा मुरूम भरून ती कायमची बंद करायची. हे काम तीन वर्षांच्या फेरीतल्या शेवटच्या खेपेतच करून टाकता येईल. ड्रेनेज जोडणीच्या अर्जाला टाकी उपसून भरल्याचा दाखला जोडणं सक्तीचं करावं, आणि तो असल्याशिवाय वॉर्ड ऑफिसने जोडणी मंजूर करू नये.